अखेरची दहा पावले

भिलाईचे नाव घेतले की पोलाद डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्यातील हा माळ ज्या मध्यप्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्याकडे आला, भिलाई भोपाळकडे गेली, आणि १ नोव्हेंबर २००० पासून ती छत्तीसगडची झाली. नागपूर-विदर्भाकडून पोटापाण्यासाठी गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे मात्र या साऱ्या घडामोडींत तेथेच स्थिरावली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पुढे भारतीय लोहमार्गाचा रूळ म्हणजे भिलाईचा रूळ असे समीकरणच होऊन बसले.

या रुळांच्या कडेने आज आणखी एक वाहतूक चालते. ती मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. रेल्वेच्या जागेतून काचतंतूंच्या केबली नेण्याकरिता २००० साली रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि देशातील मोठमोठ्या लोहमार्गांना या काचेच्या धाग्याची जोड मिळाली. केसाएवढ्या बारीक तंतूतून प्रकाशाचे स्पंद सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर या गतीने धावतात. मुंबई ते भिलाई हे अकराशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर ते सहा सहस्रांश सेकंदांत तोडतात. आपली आगगाडी त्याला जवळजवळ एक दिवस घेते. असा हा वायुवेगाचा पाहुणा सेक्टरातल्या एखाद्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचतो, भिंतीवरच्या एका लहानशा डबीत शिरतो, आणि तेथून मागच्या खोलीत बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंतची दहा पावले चालताना मात्र धापा टाकू लागतो. घरमालकाने पैसे भरलेले असतात सेकंदाला तीनशे मेगाबिटांचे. मागच्या खोलीत हाती पडतात आठ किंवा दहा. चित्र थबकते, आवाज तुटतो, आणि घरातील वडील मंडळी कंपनीच्या नावाने बोटे मोडतात.

हा प्रकार केवळ गैरसोयीचा होता तोपर्यंत त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि चित्र पालटले. ७ एप्रिल २०२० रोजी छत्तीसगड सरकारने घरबसल्या शिक्षणाची एक योजना सुरू केली. तिचे छत्तीसगढी नाव होते ‘पढ़ई तुंहर दुआर’, म्हणजे शिक्षण तुमच्या दारी. ज्या गावांत इंटरनेटच नव्हते तेथे पुढे ध्वनिक्षेपकावरून आणि ब्लूटूथच्या साहाय्याने पाठ पोहोचविण्याचे प्रयत्नही झाले. पण शहरातील घरांत निराळीच अडचण उभी राहिली. शिक्षण दाराशी येऊन ठेपले होते खरे. ते दारातून आत कसे न्यावे, हा प्रश्न होता. दोन मुले, एक शिक्षिका आई आणि घरून कचेरीचे काम करणारा बाप अशा चौघांनी चार खोल्यांत बसून एकच जोडणी वापरू लागल्यावर, घराच्या कोणत्या कोपऱ्यात लहर पोहोचते आणि कोणत्या कोपऱ्यात पोहोचत नाही, याचा शोध अनेकांना प्रथमच लागला. बहुतेकांनी त्यावर एकच उपाय केला: अधिक गतीची, अधिक पैशांची योजना घेतली. नळाला पाणी कमी येते म्हणून धरणाची भिंत वाढवावी, त्यातला तो प्रकार. गंजलेली असते घरातली तोटी.

दूरच्या प्रवासात कमावलेला वेळ जवळच्या प्रवासात घालवावा, ही मानवजातीची जुनीच खोड आहे. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनकडे समुद्रात तार टाकली, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात मुंबई व लंडन ही शहरे सागरी तारेने जोडली गेली. त्यापूर्वी इराणच्या आखातातून आणि तुर्कस्थानातून येणाऱ्या तारेला कित्येकदा काही दिवस लागत, आणि वाटेतल्या परभाषी तारमास्तरांच्या हातून मजकुराची दशा होई ती वेगळीच. आता लंडनचा शब्द काही तासांत, पुढे काही मिनिटांत, मुंबईत येऊ लागला. परंतु तारघराच्या पलीकडे काय होते? तेथे होता तारवाला शिपाई आणि त्याचे दोन पाय. पुढे त्यास सायकल मिळाली. पावसाळ्यात नदीला पूर आला की समुद्र ओलांडून आलेली तार अलीकडच्या काठावर बसून राही. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडील तारसेवा बंद झाली, तोपर्यंत या व्यवस्थेचे स्वरूप मुळात बदलले नव्हते. तारेचा वेग हा नेहमी शेवटच्या शिपायाचा वेग असे.

वायफाय हा आजचा तारवाला शिपाई. त्याचा दोष शोधावयाचा तर त्याची जन्मकथा पाहिली पाहिजे. कारण त्याच्या बहुतेक खोडी जन्मजात आहेत, आणि त्या हेरणाऱ्यांनी त्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच हेरून ठेविल्या आहेत.

जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे हाइनरिश हर्ट्झ या तरुण प्राध्यापकाने १८८८ साली एका व्याख्यानगृहात प्रयोग मांडला. मॅक्सवेलने गणिताने भाकीत केलेल्या विद्युच्चुंबकीय लहरी प्रत्यक्ष आहेत की नाहीत, हे त्यास पाहावयाचे होते. दालन पंधरा मीटर लांब आणि चौदा मीटर रुंद होते. पण त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांच्या रांगा होत्या, आणि हर्ट्झच्या ध्यानात आले की हे खांब लहरींच्या दृष्टीने जवळजवळ सलग भिंतीसारखेच वागतात. म्हणून त्याने खांबांपलीकडची जागा सोडून दिली आणि मधल्या साडेआठ मीटरांच्या पट्ट्यातच काम केले. छताला लोंबणाऱ्या गॅसच्या नळ्या व झुंबरे त्याने काढावयास लावली. मग समोरच्या भिंतीवर जस्ताचा एक मोठा पत्रा टांगला, लहरी त्यावर आपटून परत येऊ दिल्या, आणि हातात तारेचे एक कडे घेऊन तो दालनात पावलापावलाने फिरू लागला. कड्याच्या फटीत कोठे ठिणगी उडे, कोठे ती अगदी विझून जाई. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरी एकमेकींना काही जागी पूरक होत होत्या, काही जागी मारून टाकीत होत्या. लहरी आहेत याची ती पहिली निर्णायक खूण.

त्याच वर्षी त्याने लहान लहरी घेऊन आणखी प्रयोग केले. लाकडी दार बंद केले तरी पलीकडच्या खोलीत ठिणगी उडत राहिली, आणि याचे खुद्द हर्ट्झलाही नवल वाटले. उलट एखादा मदतनीस लहरीच्या वाटेत उभा राहिला की ठिणगी विझे, तो बाजूला झाला की पुन्हा उडे. लाकडातून वाट मिळते, धातूवरून लहर परतते, माणसाचे शरीर सावली पाडते आणि एकाच खोलीत दोन पावलांवर उजेड व अंधार असू शकतो, एवढे सारे १८८८ मध्ये सिद्ध होऊन चुकले होते. १८९४ साली अवघ्या छत्तिसाव्या वर्षी हर्ट्झ वारला. त्याच्या लहरींवर पुढे जगाचा किती व्यवहार चालेल, याची कल्पना त्यास आली नाही.

त्याचे सूत्र आपल्या देशात कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी पुढे नेले. प्रेसिडेन्सी कॉलेजातील तुटपुंज्या साधनांवर त्यांनी पाच ते पंचवीस मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या, आणि १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या जाहीर प्रयोगात भिंतीपलीकडची घंटा वाजवून व दारू उडवून दाखविली. कोणता पदार्थ या लहरींना वाट देतो आणि कोणता अडवितो, याची त्यांनी जी छाननी केली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. पाण्यातून प्रकाश आरपार जातो, पण या लहरींना पाणी अडविते. उलट वीट आणि डांबर यांतून प्रकाश जात नाही, पण या लहरी जातात. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. या प्रयोगांत त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तकही उपकरण म्हणून वापरले होते. आज जगातले काही वायफाय सेकंदाला साठ अब्ज कंपनांच्या ज्या पट्ट्यात चालते, तो बोसांचाच पट्टा. तेथील लहरी एका खोलीबाहेर जात नाहीत.

घरातले नेहमीचे वायफाय मात्र याहून पुष्कळ मोठ्या लांबीच्या दोन प्रकारच्या लहरींवर चालते. एक सेकंदाला दोन अब्ज चाळीस कोटी कंपनांची, सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची. दुसरी पाच अब्जांच्या वरची, सहा सेंटिमीटरांच्या आसपासची. यांपैकी पहिल्या पट्ट्याची निवड कशी झाली, ही कथा मोठी गमतीची आहे. १९४५ साली अमेरिकेतील रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरने रडारच्या नळीवर अन्न शिजविण्याची युक्ती काढली आणि तिचे पेटंट मागितले. १९४७ साली अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत असल्या भट्ट्यांसाठी व तत्सम उपकरणांसाठी एक पट्टा राखून ठेवण्यात आला. तेथे गोंगाट होणारच, तेव्हा संदेशवहनाच्या कामी तो फारसा उपयोगाचा नाही, असा समज होता. ही एका अर्थी वेशीबाहेरची पडीक जमीन. १९८५ मध्ये अमेरिकी सरकारने या पडीक जमिनीवर परवान्याविना, मात्र कमी शक्तीच्या प्रक्षेपकांनी, संदेश धाडण्यास मुभा दिली. वायफायने आपले घर बांधले ते तेथे, म्हणजे ओव्हनच्या शेजारी. स्वयंपाकघरात ओव्हन सुरू झाला की शेजारच्या खोलीतील चित्र अडखळते, त्यामागे हा सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा जमिनीचा निवाडा आहे.

आपल्याकडे ही मोकळीक बरीच उशिरा आली. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्राचा कायदा यांच्या छत्राखाली परवान्याविना बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा होता. घरच्या रेडिओलाही परवाना लागे, आणि १९८० च्या दशकापर्यंत लोक टपालकचेरीत त्याची वार्षिक फी भरीत. भारतात सर्वसामान्य जनतेला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे, टेलिफोनच्या तारेवरून, सेकंदाला नऊ हजार सहाशे बिट या गतीने. जानेवारी २००५ मध्ये दोन अब्ज चाळीस कोटींचा पट्टा परवानामुक्त झाला; पाच अब्जांचा पट्टा मोठ्या प्रमाणावर खुला व्हावयास ऑक्टोबर २०१८ उजाडले. आणि जे फुकट मिळते तेथे गर्दी होते. सेक्टरातल्या एका रांगेत जितकी घरे तितके प्रक्षेपक, आणि पहिल्या पट्ट्यात एकमेकांच्या पायांवर पाय न देता उभे राहतील असे चॅनेल तीनच: पहिला, सहावा आणि अकरावा.

गर्दीत बोलावे कसे, या प्रश्नाचे उत्तर प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर सापडले. तेथील विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी जून १९७१ मध्ये बेटाबेटांवरची यंत्रे एका मुख्य संगणकाशी रेडिओने जोडली. त्या जाळ्याचे नाव अलोहा. नियम साधा होता: बोलावयाचे असेल तेव्हा बोला, दोघे एकदम बोललात आणि पोच मिळाली नाही, तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोला. ही पद्धत चालली, पण तिची किंमतही गणिताने निघाली. असे सारे मनमानेल तेव्हा बोलू लागले तर मार्गाच्या एकूण क्षमतेपैकी फार तर अठरा टक्के उपयोगी पडते. बाकी सारी भांडणात जाते. पुढच्या लोकांनी त्यात सुधारणा केली: आधी कान द्या, कोणी बोलत नसेल तरच बोला. आजचे वायफाय याच शिस्तीने चालते. आपल्या घरातील यंत्र शेजाऱ्याचे बोलणे संपेपर्यंत निमूटपणे थांबते, हे किती घरमालकांना ठाऊक असेल? डबीवर छापलेला गतीचा आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत साधारण निम्म्याचे अंतर पडते ते याच थांबण्यात, पोच देण्यात आणि पुन्हापुन्हा सांगण्यात. व्यापारी मंडळी छापतात तो पहिला आकडा.

तिसरी अडचण प्रतिध्वनीची. दगडी सभामंडपात कीर्तनकाराने भराभर बोलावयाचे ठरविले तर एका शब्दाचा घुमारा दुसऱ्या शब्दावर पडून सारेच अगम्य होते. म्हणून जाणता कीर्तनकार तेथे सावकाश बोलतो. घरातील भिंती, कपाटे, आरसे यांवरून परतणाऱ्या लहरींचे तसेच होते, आणि त्यामुळे आरंभीच्या यंत्रांना गती वाढविता येत नव्हती. यातून मार्ग काढला तो ऑस्ट्रेलियातील सरकारी संशोधनसंस्थेत जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ओसलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्राचे अभ्यासक. स्फोट पावणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचा क्षीण संकेत शोधण्यात त्यांनी काही काळ घालविला होता. तो संकेत काही सापडला नाही. परंतु विस्कटलेल्या लहरी गणिताने सावरण्याची जी हातोटी त्या क्षेत्रात आली होती, ती घरातल्या प्रतिध्वनीच्या कामी उपयोगी पडली. युक्ती अशी की एकाच वक्त्याने घाईने बोलावयाचे नाही. मजकूर अनेक वक्त्यांत वाटून द्यावयाचा आणि प्रत्येकाने आपापल्या स्वरात, सावकाश, पण सर्वांनी एकाच वेळी बोलावयाचे. १९९२ साली ऑस्ट्रेलियात त्याच्या पेटंटासाठी अर्ज झाला. १९९७ मध्ये वायफायचा पहिला मानक ठरला तेव्हा गती होती सेकंदाला दोन मेगाबिट. २००३ पर्यंत ती चोपन्नावर गेली, आणि त्यानंतरची झेप सर्वांस परिचित आहे.

तर अडथळा, गर्दी आणि प्रतिध्वनी ही या शिपायाची तीन जुनी दुखणी. भिलाईच्या घरात त्यांची परीक्षा कशी करावयाची? मला वाटते, हर्ट्झने केली तशीच: हातात एक कडे घेऊन पावलापावलाने. आपले कडे म्हणजे मोबाइल फोन किंवा संगणक.

मात्र पहिले पाऊल बिनतारी नसावे. डबीपासून संगणकापर्यंत एक तार जोडावी, घरातील इतर यंत्रे बंद करावी आणि गती मोजावी. तीनशेचे पैसे भरले आहेत आणि तारेवर दोनशे ऐंशी मिळत आहेत, तर कंपनीने आपला माल दाराशी आणून टाकला. तिला शिव्या देणे अन्यायाचे होईल. तारेवरही आकडा पडत असेल, सकाळी बरा आणि रात्री नऊ वाजता अगदी खाली जात असेल, तर दोष दाराबाहेरचा आहे आणि तक्रार रास्त आहे. एक आकडा मात्र ध्यानात ठेवावा: चौऱ्याण्णव. योजना तीनशेची असो की पाचशेची, तारेवर नेमके चौऱ्याण्णवच्या आसपास येऊन गाडी थांबत असेल, तर समजावे की वाटेत कोठेतरी शंभरापुरतेच बनविलेले जुने यंत्र आहे, किंवा तारेच्या आतील आठ धाग्यांपैकी एखादा तुटून चारच कामी येत आहेत. वीस-पंचवीस हातांची तार बदलली की काम होते. या एका क्षुल्लक तारेपायी लोकांनी योजनांवर योजना बदलल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

त्यानंतर फोन घेऊन डबीपासून एक पाऊल अंतरावर मोजावे, मग त्याच खोलीच्या टोकाला, मग दारात, मग मागच्या खोलीत. आणि प्रत्येक जागचा आकडा कागदावर लिहावा. गती एकदम कोसळते ती जागा सापडली की अडथळा सापडला. बहुधा ती एखाद्या भिंतीच्या किंवा वस्तूच्या पलीकडे असते. येथे भिलाईकराच्या मनात सहज येईल की आपल्याच कारखान्याच्या सळया आपल्या स्लॅबमध्ये बसून आपलीच वाट अडवीत आहेत. कल्पना नाट्यमय आहे, पण अर्धीच खरी आहे. सळयांच्या जाळीची भोके बहुधा लहरीच्या लांबीएवढी किंवा थोडी मोठीच असतात, आणि त्यांतून लहर काही अंशी निसटते. तिला अधिक दमविते ते काँक्रीट स्वतः, त्याची जाडी आणि त्यात मुरलेला ओलावा. आणि सहा सेंटिमीटरांची लहर साडेबारांच्या लहरीहून लवकर दमते. विटेची एक भिंत बोसांच्या अनुभवाप्रमाणे सोसते. दोन भिंती आणि एक स्लॅब आडवा आला की पाच अब्जांच्या पट्ट्याचा भरवसा धरू नये.

खरे शत्रू निराळेच आहेत. लोखंडी कपाट हे हर्ट्झचा जस्ताचा पत्राच समजावे. आरशाच्या मागची धातूची कल्हई, फ्रीजची पाठ, गच्चीवरची पाण्याची टाकी, ही सारी त्याच वर्गातली. आणि छत्तीसगडच्या उन्हाळ्यात घरोघरी खिडकीत बसतो तो कूलर! पत्र्याचा डबा, त्यात भरलेले पाणी आणि वर फिरणारा पंखा: हर्ट्झ आणि बोस या दोघांनी मिळून लहर अडविण्याचे एखादे यंत्र बनविले असते तर ते फारसे वेगळे दिसले नसते. एप्रिलपर्यंत ठीक चालणारी जोडणी मे महिन्यात अडखळू लागली, तर आधी कूलर कोठे बसविला आहे ते पाहावे.

डबी कोठे असावी, याविषयी जुनी माणसे आपल्याहून शहाणी होती असे म्हणावेसे वाटते. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी संबंध जोडण्यात आला तेव्हा प्रक्षेपण केंद्र खडकीस आणि ग्रहण केंद्र दौंडला ठेविले; एक बोलत असता दुसऱ्याच्या कानठळ्या बसू नयेत, एवढा विचार त्यामागे होता. श्रोत्यांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांस घरच्या रेडिओची एरियल आठवत असेल. गच्चीवर दोन काठ्यांमध्ये ताणलेली तार, जमिनीत पुरलेले अर्थिंग, आणि नागपूर केंद्र स्पष्ट लागावे म्हणून वडिलांनी ती तार किती वेळा हलविली त्याच्या कथा. लहरीला जागा लागते हे त्या पिढीस ठाऊक होते. आजची डबी तार जेथून घरात शिरते तेथेच बसते, कारण जोडणीच्या माणसाला तेवढीच तार पुरवावयाची असते. आणि मग ती बरी दिसत नाही म्हणून गृहिणी तिला टीव्हीच्या मागे किंवा कपाटात दडवून टाकते. अर्धी लहर रस्त्यावरच्या कडुनिंबाला मिळते, उरलेली कपाटाला. ती घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर असावी. एवढ्या एका बदलाने, एक पैसाही खर्च न करता, अनेक घरांतील तक्रार मिटते.

गर्दीचा इलाज त्याहून सोपा. डबीचे दोन्ही पट्टे निरनिराळ्या नावांनी ठेवावे; जवळच्या यंत्रांना पाच अब्जांचा पट्टा द्यावा, कारण तेथे जागा ऐसपैस आहे आणि ओव्हनही नाही; दूरच्यांना पहिला. पहिल्या पट्ट्यात शेजारी कोणत्या चॅनेलवर आहेत ते पाहून तिघांपैकी मोकळा चॅनेल घ्यावा. घरात एखादा दहा वर्षांपूर्वीचा फोन किंवा स्वस्त कॅमेरा असेल तर तोही तपासावा. तो सावकाश बोलतो, आणि तो बोलत असेपर्यंत बाकीच्यांना थांबावे लागते, हा अलोहाचा वारसा.

इतके करूनही मागच्या खोलीत आकडा वर येत नसेल, तर बाजारात पुनःक्षेपक मिळतात. त्यांतील स्वस्त प्रकारातले एकाच चॅनेलवर ऐकतात आणि त्याच चॅनेलवर बोलतात, म्हणून गती निम्मी होते. आणि ते मागच्या खोलीतच लावले तर व्यर्थ; ज्या जागी डबीचा आवाज अद्याप बरा ऐकू येतो अशा मधल्या जागी ते हवेत. अनेक डब्यांचे जाळे त्याहून बरे, पण त्यासही एकमेकांशी बोलावयाचे तर वाट मोकळी हवी. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तार: पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, दाराच्या चौकटीच्या कडेने, दहा-बारा मीटरांची आठ धाग्यांची तार नेऊन तेथे दुसरी डबी ठेवावी. क्वार्टर असेल तर भिंतीला भोक पाडण्यापूर्वी कारखान्याच्या नगरसेवा विभागाला विचारलेले बरे; आणि स्वतःचे घर असले तरी तुळईत व स्लॅबमध्ये गिरमिट चालवू नये, विटेच्या भागातूनच जावे. तार बसली की मागच्या खोलीत फोन घेऊन पुन्हा मोजावे, आणि नवा आकडा त्याच कागदावर जुन्या आकड्यासमोर लिहावा.